पिल्लं नराकडे असताना

बॉबलिंगेन, १९ जानेवारी

आई,

नमस्कार तू धरून चाल. फोन उचलत नाहीस, मेसेजवर निळ्या खुणा येतात आणि पुढे काही नाही, म्हणून हा कागद. कराडच्या पोस्टात तू अख्खी नोकरी काढलीस. नावानिशी आलेलं पत्र न फोडता ठेवणं तुझ्या हातून व्हायचं नाही, एवढं मी जाणतो.

तुझा शेवटचा मेसेज समोर आहे. 'ती परत येईल त्या दिवशी फोन कर.' बरं. ती मार्चच्या मध्यावर येईल. तोवर मी तोंडाला कुलूप लावून बसू का?

उल्काला नामिबियाला जाऊन दोन आठवडे होत आले. ऊर्जा आठ महिन्यांची झाली. खाली दोन दात आलेत आणि दोन्ही माझ्या खांद्यात रुतवून झाले. आत्ता ती छातीशी बांधलेल्या झोळीत झोपलीय आणि मी ओट्याशी उभं राहून लिहितोय, कारण मी बसलो की तिला कळतं. कसं कळतं ते मला विचारू नकोस.

जुलैत काय झालं ते तू सगळ्यांना सांगतेस तसं नाही झालं. तू निघायच्या आदल्या आठवड्यात जेवताना उल्का म्हणाली, जानेवारीत मला संशोधनासाठी अडीच महिने नामिबियात जावं लागेल. तू म्हणालीस, 'जनावरंसुद्धा पोटचं टाकून जात नाहीत.' ती हसून म्हणाली, 'आई, माझ्या कोंबड्या जातात.' बास, एवढंच. चिडवत होती ती तुला. तू ताट सरकवून उठलीस. दोन महिने बाळंतिणीला तेल लावलं, शेक दिला, डिंकाचे लाडू वळले, आणि शेवटी सून आपल्याला कोंबडीवरून अक्कल शिकवते, असं तू मनाला लावून घेतलंस.

ती अभ्यास करते त्या कोंबड्यांचं तरी एकदा नीट ऐक. उंडाळ्याला तुझ्या मैत्रिणीच्या मळ्यात होत्या त्याच ह्या, गिनी कोंबड्या. करड्या अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर हाडाचं टेंगूळ, साप दिसला की आळी जागी करणाऱ्या. त्यांचं मूळ घर आफ्रिका. तिथे त्या रानात थव्यानं राहतात आणि दिवसभर जमिनीवर चालत असतात. बिया, किडे, मुळं, जे मिळेल ते उकरून खातात. उडतात ते जिवावर बेतलं तर, नाहीतर संध्याकाळी झाडावर बसायला. पाऊस सुरू झाला की थवा फुटतो, जोड्या होतात. मादी गवतात खळगा करून अंडी घालते आणि जवळजवळ महिनाभर एकटीच त्यावर बसते. त्या काळात तिला धड खायलाही मिळत नाही. पिल्लं बाहेर येतात तेव्हा ती निम्मी झालेली असते. मग पहिले दोनेक आठवडे पिल्लं बहुतेक नराच्या अंगावर. ऊब तो देतो, किडे तो दाखवतो, घार आली तर ओरडतो तो. मादी चरते. गेलेलं अंग भरून काढते. तिला कुणी काही बोलत नाही.

आपल्याकडेही तेच चाललंय. मी इथे जर्मनीत मिळते ती एल्टर्नत्साइट घेतलीय, म्हणजे मूल सांभाळायची बापाची रजा, एप्रिलअखेरपर्यंत. कंपनी हसत देते. माझं उत्तम चाललंय. तू यायची काही गरज नाही, तसलं काही मनातही आणू नकोस.

मल्हार


बॉबलिंगेन, ३ फेब्रुवारी

आई,

पहिलं पत्र पोचलं असेल. उत्तर नाही, तेही पोचलं.

इथे सगळं ठीक. म्हणजे ऊर्जाला सर्दी आहे, पण हिवाळ्यात इथे सगळ्याच पोरांची नाकं वाहतात. नाकात थेंब घालणं हे खरं तर दोन माणसांचं काम, एकानं धरायचं आणि एकानं घालायचं. मी तिला गुडघ्यांत धरतो. निम्मे थेंब कानात जातात.

खालच्या फ्राउ मायर आठवतात ना? तुझ्या धुरीचा वास आला म्हणून तावातावानं वर आल्या आणि जाताना ओव्याची पुरचुंडी घेऊन गेल्या, त्या. काल त्यांनी दार वाजवलं. केअरवोखे माझी होती. दारावर पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना आणि पुढचा फुटपाथ झाडायची पाळी आपली, तुला मीच समजावलं होतं. आठवडाभर मी त्या पाटीवर ऊर्जाची टोपी अडकवून जा-ये करत होतो, आणि झाडायचं असतं हे डोक्यातून साफ गेलं. बाई आता फैलावर घेणार म्हणून मी मान खाली घालून उभा. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'आल्झो, हेर देसाई, तुम्ही आधी झोपा.' जिना त्यांनीच झाडला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तरी वर येऊन झोपलो, बूट न काढता.

मंगळवारी रांगत्या पोरांचा एक ग्रुप असतो. सतरंजीवर सगळ्या आया आणि मधे मी. सगळ्या 'टोल', म्हणजे 'भारी', म्हणत माझं कौतुक करतात. 'टोल! असा बाप हवा!' उल्का हेच सगळं करत होती तेव्हा तिला कुणी टोल म्हटलं नाही. उलट त्यांतल्या एकीनं हळूच विचारलं, 'आणि आईला तिकडे करमतं?' म्हणजे तुझी शाखा इथेही उघडलेली आहे.

उल्का राहते त्या कॅम्पवर नेट नाही. दोन-तीन दिवसांनी ती शेतमालकाच्या घरी येते आणि तिथून फोन करते. तिकडे पाऊस झाला, पिल्लं निघाली. पहाटेच्या ओल्या गवतातून चालताना पिल्लं भिजतात, गारठतात आणि मरतात. एका थव्यातली निम्मी एका सकाळीच गेली.  मग स्वतःच विषय बदलून म्हणाली, पायात निळं कडं घातलेला एक नर आहे, त्याच्या पंखाखाली इतकी पिल्लं घुसतात की बिचाऱ्याला खाली टेकता येत नाही, अर्धवट उभाच असतो. 'तुझी आठवण आली,' म्हणाली. मी खूप हसलो. जरा जास्तच हसलो बहुतेक.

मग तिनं विचारलं, 'आई बोलल्या का?' मी म्हटलं, हो, बोलतो की आम्ही. दुसरं काय सांगू? तिच्या डोक्याला आणखी ताप कशाला? हा मोसम अर्धवट राहिला तर मागची दोन वर्षं पाण्यात, आणि पुढचं कंत्राट ह्याच मोसमावर अवलंबून आहे. पिल्लं निघतात ती ह्याच पावसात. ती काही तिच्या सोयीनं थांबणार नाहीत.

मी निभावून नेतोय. काळजी करू नकोस. करतच नसशील म्हणा.

मल्हार


बॉबलिंगेन, ११ फेब्रुवारी

आई,

दवाखान्यातून लिहितोय. तू घाबरू नकोस. मी घाबरलोय तेवढं पुरे.

सर्दी छातीत उतरली. काल सकाळी ऊर्जा दूध ओढेना. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला. पोरांच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि मला काही न विचारता अँब्युलन्स बोलावली. लहान मुलांना हिवाळ्यात होणारा छातीचा संसर्ग आहे, इथे वॉर्ड अशा पोरांनी भरलाय. नाकात ऑक्सिजनची नळी, पायाच्या अंगठ्याला लाल दिवा. डॉक्टरीणबाई म्हणतात, पुढचे दोन दिवस बघू. शांत आहेत, समजावून सांगतात. मला त्यातलं निम्मं जर्मन कळत नाही आणि मी आपला 'गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे बरोबर बरोबर, करतो.

ती रडत नाहीये, आई. तेच बघवत नाही. रडायला तिला दम पुरत नाहीये.

उल्काला सांगितलेलं नाही. काल संध्याकाळी तिचा फोन आला, तो मी जिन्यात जाऊन घेतला. म्हणाली, ऊर्जाला दाखव. म्हटलं, आत्ताच झोपलीय. सांगितलं असतं तर ती पहिल्या विमानानं निघाली असती. ती इथे पोचेपर्यंत ऊर्जा बरी झालेली असेल आणि तिचं तिकडचं सगळं बुडेल. आणि बरी झाली नाही तर? तर काय, ते मला लिहवत नाही.

मग तुला का सांगतोय, असं म्हणशील. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला ह्या खुर्चीवर बसवत नाही म्हणून. आणि हे पत्र तुला मिळायला दोन आठवडे लागतील. तू वाचशील तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. फोनवर मला हे बोलता आलं नसतं. तू उचलला असतास तरी.

तू येऊ नकोस. येऊन तरी काय करणार? इथे ओव्याची पुरचुंडीसुद्धा आणू देत नाहीत.

मल्हार


बॉबलिंगेन, २८ फेब्रुवारी

आई,

हे काय करून ठेवलंस तू?

दीड महिना माझा फोन उचलला नाहीस. आणि पत्र फोडल्या फोडल्या लावलास तो थेट नामिबियात, त्या शेतमालकाच्या घरी! जुलैपासून जिच्याशी धड बोलली नाहीस तिला! मी तुला विश्वासानं लिहिलं होतं. पत्र आहे म्हणून लिहिलं होतं.

ऊर्जा बरी आहे, ते आधी सांगतो. पाचव्या दिवशी घरी सोडलं. आता खातेय, रांगतेय, माझ्या चपला चावतेय. म्हणजे मी म्हटलं तसंच झालं. उल्काला कळायचं काही कारणच नव्हतं.

बुधवारी तिचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही.

'ऊर्जाला ऑक्सिजनवर ठेवलं होतं?'

मी म्हटलं, आता बरी आहे, हे बघ, खेळतेय. मोबाइल ऊर्जाकडे फिरवला. उल्का बघत राहिली. मग म्हणाली, 'मला का नाही सांगितलंस?'

'तू निघून आली असतीस. सगळं वाया गेलं असतं.'

'आले असते किंवा नसते आले, ते मी ठरवलं असतं. पोर माझी, काम माझं. तू ठरवणारा कोण?'

आणि मग मी जे बोलू नये ते बोललो. म्हटलं, अगं, हे तुझ्याच कोंबड्यांसारखं आहे. तू चरायला गेलीस, मी पंखाखाली घेतली, यात माझं काय चुकलं? विनोद केला मी. मला खरंच वाटलं ती हसेल.

ती हसली नाही. म्हणाली, 'मल्हार, मादी चरायला जाते कुठे, माहीत आहे? मी इथे रोज बघतेय. माझ्या थव्यातली एकही हाकेच्या टप्प्याबाहेर जात नाही. टिपता टिपता तिचं ओरडणं चालू असतं, इकडून पिल्लं ओ देत असतात. पिल्लाचा आवाज बदलला की ती चरणं टाकून पळत येते. तुला माझ्या कोंबड्यांमधलं सोयीचं तेवढं ऐकायचं होतं. तू माझ्यापर्यंत आवाजच येऊ दिला नाहीस.'

मी मोबाइल पुन्हा ऊर्जाकडे फिरवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून तिनं हेही सांगितलं की त्या रात्री तिनं बॅग भरली होती, आणि तूच तिला थांबवलंस. शब्दन् शब्द ऐकवला मला. 'पोर आता घरी आहे, खेळतेय. तू आत्ता धावत गेलीस तर तिलाही काही उपयोग नाही आणि तुझंही सगळं बुडेल. तुझ्या कोंबड्यांचं आटप आणि मग सुखानं ये.' हे तू म्हणालीस? तू? ताट सरकवून उठलेली? आणि म्हणे, 'आईनं कामाला जायचं तर जावं, पण तिला कळवायचंच नाही म्हणजे काय, त्याला अक्कल आहे का?' असंही म्हणालीस.

उल्काला आता हेही कळलंय की तू माझ्याशी जानेवारीपासून बोललेली नाहीस. म्हणजे ते खोटं 'हो, बोलतो की आम्ही'सुद्धा उघडं पडलं. आता ती रोज शेतमालकाच्या घरी येऊन तुझ्याशी बोलते. तिनं म्हणे तुला नराच्या आणि मादीच्या ओरडण्यातला फरक ऐकवला आणि तुला तो पहिल्या झटक्यात कळला. मला अजून कळत नाही. छान. दोघींची गट्टी जमली आणि मी राहिलो मधल्या मधे. तू माझा फोन अजूनही उचलत नाहीसच.

तू बरोबर केलंस असं मी म्हणणार नाही. अजून तरी नाही. खूप चिडलोय मी. तुझ्यावर, तिच्यावर, ह्या अंधाऱ्या गावावर, दाराशी पुन्हा लटकलेल्या त्या पाटीवर. ह्या वेळी झाडला मी जिना. ऊर्जाला पाठीला बांधून.

मल्हार


बॉबलिंगेन, ६ मार्च

आई,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, तेवढा वेळ नाही. लिहून झालं की फोटो काढतो आणि उल्काला पाठवतो. ती तुला पाठवेल. तिचं तू उघडतेस.

तिकडे पाऊस लांबलाय. उशिरा बसलेल्या माद्यांची पिल्लं आत्ता कुठे निघायला लागलीत, आणि उल्काला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत राहता आलं तर तिचं काम पुरं होईल. काल तिनं मला सरळ विचारलं. ह्या वेळी रागावली नव्हती. ते जास्त जड गेलं.

म्हणाली, 'राहू का नको, ते मी तुझ्या उत्तरावर ठरवणार. पण खरं उत्तर दे. जमवतो म्हणालास आणि ते खोटं निघालं, तर मी पुन्हा कधी तुझ्या भरवशावर पोर टाकून कुठे जाणार नाही. जाऊच शकणार नाही.'

मग म्हणाली, 'आई यायला तयार आहेत. व्हिसा मेपर्यंत आहे. पण तू बोलावल्याशिवाय येणार नाहीत. तुझी पत्रं त्यांनी मला वाचून दाखवली. दर वेळी काही ना काही करून नको म्हटलंयस.'

हो, म्हटलंय. तू आली असतीस तर तुझं खरं झालं असतं. आईनं पोर टाकली आणि बापाला झेपली नाही, शेवटी आजीला यावं लागलं, असं कराडभर झालं असतं. तसं होऊ द्यायचं नव्हतं मला. उल्कासाठी, असं मी स्वतःला सांगत होतो. ते पूर्ण खरं नाही. सतरंजीवरच्या त्या बायका टोल म्हणतात ते मला आवडत होतं.

आता खरं सांगतो. शनिवारी ऊर्जाला आंघोळीच्या टबात बसवलं होतं. थोडंसंच पाणी. मी बाजूला गुडघ्यांवर, एक हात तिच्या पाठीशी. माझा डोळा लागला. किती वेळ ते माहीत नाही, फार नसेल. जाग आली तेव्हा माझा हात टबाच्या काठावर होता आणि ती एका कुशीला कलंडून, गाल पाण्यात, माझ्याकडे बघत होती. तिला काही झालं नाही. मी तिला उचललं आणि ओल्या पोरीला घेऊन तिथेच फरशीवर बसलो, ती थंडीनं रडायला लागेपर्यंत. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. फ्राउ मायरनी दार वाजवून विचारलं, सगळं ठीक ना? मी आतूनच म्हटलं, आलेस गुट, सगळं ठीक.

सगळं ठीक नाहीये. मी बाप म्हणून वाईट नाही, एवढं मला कळतं. ती माझ्या अंगावर झोपते, माझ्या हातचं खाते, मला बघून अख्खी हलते. पण एकट्या माणसाचं हे काम नाही. तू मला एकटीनं वाढवलंस, बाबा गेल्यावर, ड्यूटी करून. ते तू कसं केलंस हे मी कधी विचारलंच नाही. ते इथे येऊन सांग, नाहीतर नको सांगूस. बोलणं ऐकवायचं असेल तर तेही ऐकव, मी ऐकेन. फक्त ऊर्जासमोर उल्काबद्दल काही बोलू नकोस. ती जिथे आहे तिथे ती असायला हवी आहे, हे मला अजूनही तसंच वाटतं.

आई, मी दमलोय. मला जमत नाहीये. ये.

आणि उल्का, हे तुझ्या फोनवरून पुढे जाणार आहे, म्हणजे आधी तूच वाचणार. टबाचंही आहे यात, तरी पाठवतोय. राहायचं की निघायचं ते आता तू ठरव.

मल्हार